अंगात रक्त कमी, पण अडलंय कुठे?

ग्रामीण रुग्णालयातून तीन जणांचे रिपोर्ट आले आणि तिन्हींवर हिमोग्लोबिन ७. एक मेळघाटातली गरोदर बाई. दुसरा कुरखेडा तालुक्यातला एसएस पॅटर्नचा, म्हणजे सिकलसेलचा आजार असलेला, १२ वर्षांचा मुलगा. तिसरे वणीकडचे ५५ वर्षांचे शेतकरी, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे. गावात तिघांनाही एकच सल्ला मिळतो: अंगात रक्त नाही, रक्तवाढीचं औषध घ्या. पण बाईला लोह हवं आहे. मुलाला लोह बहुधा नकोच. शेतकऱ्याला लोहासोबत एक हार्मोन बाहेरून टोचून द्यावं लागतं, आणि तेच हार्मोन त्या मुलाच्या रक्तात आधीच वाढलेलं असतं. या हार्मोनचं नाव एरिथ्रोपोएटिन. दवाखान्यात त्याला ईपीओ म्हणतात.

ईपीओ कसं काम करतं हे कळलं, तर आपल्या माणसाचं रक्त नेमकं कशामुळे कमी आहे आणि कोणतं औषध त्याच्या उपयोगाचं नाही हे डॉक्टरांना नीट विचारता येतं. सिकलसेल घरोघरी माहीत असलेल्या विदर्भात याची फार गरज आहे.

किडनीत काय घडतं

किडनी लघवी तयार करते हे सगळ्यांना माहीत असतं. तिचं दुसरं काम कमी जणांना ठाऊक आहे. किडनीच्या बाहेरच्या भागात, सूक्ष्म नलिकांच्या मधल्या जागेत काही पेशी असतात. रक्तातून ऑक्सिजन किती पोचतो यावर त्यांचं काम चालतं. ऑक्सिजन पुरेसा असेल तोवर या पेशींमधलं एचआयएफ नावाचं प्रथिन तयार होताच मोडलं जातं. ऑक्सिजन कमी पडला की ते मोडत नाही, आणि टिकून राहिलेलं एचआयएफ ईपीओ बनवणारं जनुक चालू करतं. काही तासांतच रक्तातलं ईपीओ वाढतं. ही साखळी उलगडून दाखवल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मोठ्या माणसात सुमारे ९० टक्के ईपीओ किडनीत बनतं, उरलेलं मुख्यतः यकृतात.

पुढचं काम हाडांच्या आत, अस्थिमज्जेत होतं. तिथे लाल पेशींची पिल्लं सतत तयार होत असतात, पण ईपीओ मिळालं नाही तर त्यांतली बहुतेक अर्ध्यावरच मरतात. ईपीओ त्यांना जगवतं. जितकं ईपीओ जास्त, तितकी जास्त पिल्लं पूर्ण वाढून रक्तात उतरतात. निरोगी मोठ्या माणसात दर सेकंदाला २० लाखांच्या आसपास नव्या लाल पेशी तयार होतात आणि एकेक पेशी साधारण १२० दिवस जगते.

या प्रवासाला वेळ लागतो. ईपीओ वाढल्यावर ३ ते ४ दिवसांत कोवळ्या पेशी रक्तात दिसू लागतात, पण हिमोग्लोबिनच्या आकड्यात फरक दिसायला २ ते ६ आठवडे जातात. चार सुया झाल्या आणि रिपोर्ट तसाच आला म्हणून औषध सोडून देणारे बरेच रुग्ण असतात. त्यांना हे आधीच सांगायला हवं.

सगळ्यात उपयोगी तपासणी: रेटिक काउंट

ईपीओचा संदेश अस्थिमज्जेपर्यंत पोचतोय का आणि ती त्याला प्रतिसाद देतेय का, हे समजायला महागडी तपासणी लागत नाही. रक्तात कोवळ्या लाल पेशी किती टक्के आहेत ते मोजतात, तोच रेटिक काउंट. निरोगी माणसात तो ०.५ ते २ टक्के असतो. रक्त कमी असताना तो वाढायलाच हवा.

मात्र आकडा जसाच्या तसा वाचू नये. हिमोग्लोबिन ७.५ आणि रेटिक १० टक्के असेल, तर आधी ७.५ ला १५ ने भागायचं, म्हणजे अर्धा, म्हणून १० चे ५ टक्के झाले. शिवाय इतकं रक्त कमी असताना कोवळ्या पेशी वेळेआधीच रक्तात येतात आणि जास्त दिवस कोवळ्या दिसतात, म्हणून पुन्हा २ ने भागायचं. उरले २.५. हा आकडा २ च्या वर असेल तर हाडं जोमाने काम करताहेत आणि रक्त कुठेतरी फुटतंय किंवा वाहून जातंय. २ च्या खाली असेल तर निर्मितीच अडली आहे. मग लोह कमी आहे का, बी-१२ कमी आहे का, किडनी ईपीओ देत नाही का, की अस्थिमज्जाच आजारी आहे, हे शोधायचं.

मेळघाटातल्या त्या बाईत ईपीओ भरपूर असतं. किडनी ओरडून सांगत असते, पण हिमोग्लोबिन बनवायला लोहच नाही. गरोदरपणातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. ती नियमित घेतली, आणि चहासोबत घेतली नाही, तर आठवड्याभरात रेटिक चढतो आणि महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढतं. तेवढं वाढलं नाही तर गोळी पोटात जातेय का ते आधी विचारा, आणि जात असेल तर सिकलसेल व थॅलेसेमियाची तपासणी करा.

सिकलसेल: ईपीओ आहे, पण पेशी टिकत नाहीत

१९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख नागपूरच्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये छापला, तेव्हापासून विदर्भ या आजाराच्या नकाशावर आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट इथे तो आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही सापडतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन आलं, एवढाच बदल. तेवढ्याने ऑक्सिजन सोडल्यावर पेशी विळ्यासारखी वाकडी होते, अडकते आणि लवकर फुटते.

एसएस रुग्णाची लाल पेशी १२० दिवसांऐवजी साधारण १० ते २० दिवसच जगते. किडनी ईपीओ वाढवते, अस्थिमज्जा कित्येक पट वेगाने पेशी काढते, रेटिक ५ ते १५ टक्क्यांवर राहतो, आणि एवढं करूनही हिमोग्लोबिन ७ ते ९ च्या आसपास टेकतं. त्या मुलासाठी तीच नेहमीची पातळी असते. म्हणून एसएस रुग्णाला सरसकट 'रक्तवाढीची सुई' देऊ नये. त्याच्या शरीरात हार्मोन आधीच जास्त आहे. शिवाय वाकड्या पेशींची संख्या वाढवली की रक्त घट्ट होतं आणि कळा वाढतात.

लोहाबद्दलही हीच काळजी. फुटलेल्या पेशींतलं लोह शरीर पुन्हा वापरतं आणि दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. रक्ताची एक पिशवी चढवली की २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आत जातं. ज्याला अनेकदा रक्त चढवलंय त्याला वर लोहाचं टॉनिक दिलं तर ते यकृतात आणि हृदयात साचतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून लोह खरोखर कमी आहे असं दिसलं तरच एसएस रुग्णाला लोह द्यावं. फॉलिक अॅसिडची, लोह नसलेली ५ मिलिग्रॅमची गोळी मात्र उपयोगी आहे, कारण एवढ्या वेगाने पेशी बनवताना ते लवकर संपतं. एएस पॅटर्नच्या, म्हणजे वाहक असलेल्या मुलीबाळींना यातलं काही लागू नाही. त्यांना रक्त कमी झालं तर इतरांसारखंच लोह द्यायचं. 'पॅटर्न आहे' म्हणून वाहक गरोदर बाईची लोहाची गोळी बंद केली जाते, ते चूक आहे.

सोल्युबिलिटी तपासणीत नळी गढूळ दिसली म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. एएस की एसएस हे ती सांगत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी चुकीने चांगली, म्हणजे सिकल नाही अशी, येऊ शकते. आणि रक्त चढवल्यावर तीन महिने एचपीएलसीवर भरवसा ठेवू नये, कारण त्यात दुसऱ्याचं रक्त मिसळलेलं असतं.

आता धोक्याच्या दोन वेळा. पार्व्हो बी-१९ नावाचा विषाणू नेमका लाल पेशींच्या पिल्लांवर हल्ला करतो. ईपीओ कितीही असो, ७ ते १० दिवस निर्मिती जवळपास थांबते. निरोगी माणसाला कळतही नाही, कारण त्याच्या पेशी १२० दिवसांच्या आहेत. एसएस मुलाच्या पेशी मात्र दहा-पंधरा दिवसांच्या. त्याचं हिमोग्लोबिन ७ वरून आठवड्यात ४ वर येऊ शकतं, आणि रेटिक १ टक्क्याच्या खाली असतो. दुसरा प्रकार पाणथरीचा, म्हणजे प्लीहेचा. ती अचानक फुगते आणि रक्त तिच्यात अडकतं. इथे रेटिक जास्तच असतो, पण मूल तासातासाला पांढरं पडत जातं. विदर्भातल्या सिकल रुग्णांत गर्भ-हिमोग्लोबिन, म्हणजे बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन, जास्त असल्याने प्लीहा मोठ्या वयापर्यंत टिकते, त्यामुळे हा धोका फक्त लहान बाळांपुरता नाही. डाव्या बरगडीखाली हात लावून प्लीहा किती बोटं लागते हे आईने सिस्टरकडून एकदा शिकून घ्यावं. नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त लागली आणि मूल मलूल असेल तर सकाळची वाट पाहू नये.

सिकलसेलमध्ये किडनी हळूहळू थकते

ही बाब फार कमी सांगितली जाते, म्हणून इथे थोडं थांबू या. किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन मुळातच कमी आणि तिथलं रक्त खारट व दाट. वाकड्या होणाऱ्या पेशींसाठी यापेक्षा वाईट जागा नाही. म्हणून लहानपणीच किडनीची लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो, दिवसभर लघवीला पळतो, आणि पाणी कमी प्यायला तरी लघवी पांढरीच होते. त्याला रागावून उपयोग नाही. आणि एसएस माणसाच्या लघवीच्या रंगावरून पाणी पुरेसं आहे असं समजू नये. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना किंवा आषाढात रोवणीला वाकून असताना तहान लागायच्या आधीच पाणी प्यायला हवं. मोठ्या माणसाने दिवसाला ३ लिटर, उन्हात त्याहून जास्त. किडनी आधीच निकामी होत आली असेल तर मात्र पाण्याचं माप डॉक्टर ठरवतील.

पुढे वय वाढलं की ईपीओ बनवणाऱ्या जागेलाच इजा होते. रक्त कमी असतं, पण किडनी पुरेसं ईपीओ देऊ शकत नाही. बाहेरून दिसतं ते असं: ताप नाही, कळा नाहीत, तरी नेहमीचं ८ असलेलं हिमोग्लोबिन काही महिन्यांत ६.५ वर येतं आणि १० टक्के असणारा रेटिक ३ वर. हे ओळखायचं तर नेहमीचा आकडा माहीत हवा. सिकलसेलच्या कार्डावर तब्येत चांगली असतानाचं हिमोग्लोबिन, रेटिक, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि प्लीहेची बोटं लिहून ठेवा. अर्ध्या रात्री उपजिल्हा रुग्णालयात अनोळखी डॉक्टरला त्या चार आकड्यांनी जेवढी मदत होते, तेवढी जाड फाइलने होत नाही.

क्रिएटिनिनबाबत एक सापळा आहे. सिकल रुग्णात ते मुळात कमी असतं, ०.४ ते ०.६ च्या आसपास. ते १ झालं तर लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'च छापून येतं, पण या रुग्णासाठी ती किडनी बिघडत असल्याची खूण असू शकते. दहाव्या वर्षापासून दरवर्षी लघवीतलं अल्ब्युमिन आणि बीपी तपासलं तर हे त्याआधीच लक्षात येतं.

किडनी लवकर खराब करणारी, टाळता येण्यासारखी गोष्ट म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. कळा असह्य असतात, हे खरंच आहे. दुखणं सहन करा असं कोणी सांगू नये. पण पानठेल्यावरून किंवा किराणा दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, उन्हातून आल्यावर, पाणी न पिता, आठवडेच्या आठवडे घेतली तर किडनी जाते आणि तिच्यासोबत ईपीओही. घरी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. त्याने भागलं नाही तर दवाखाना, तिथे यापेक्षा जोरदार औषधं आहेत.

किडनी थकलेल्या अशा सिकल रुग्णालाच ईपीओच्या सुया उपयोगी पडतात, त्याही शक्यतो हायड्रॉक्सीयुरियासोबत. आणि हिमोग्लोबिन १० च्या वर नेऊ नये, कारण त्यापुढे घट्ट रक्ताचा धोका फायद्यापेक्षा मोठा होतो. हायड्रॉक्सीयुरिया गर्भ-हिमोग्लोबिन वाढवून पेशी वाकडी होणं कमी करतं. पेशी जास्त दिवस जगली की अस्थिमज्जेवरचा ताणही उतरतो. मात्र ते सुरू असताना ठरल्या वेळी रक्त तपासावंच लागतं. हिमोग्लोबिन ९ च्या खाली असताना रेटिकची संख्या (टक्के नव्हे, एका मायक्रोलिटर रक्तातल्या पेशी) ८०,००० च्या खाली गेली किंवा प्लेटलेट ८०,००० च्या खाली आल्या, तर डॉक्टर ते काही दिवस थांबवतात. गरोदरपणात, आणि मूल व्हावं असं ठरवलं असेल तेव्हा, आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते चालू ठेवू नये.

थॅलेसेमिया

थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिनची साखळीच नीट न बनण्याचा जन्मजात आजार. त्याच्या तीव्र प्रकारात, थॅलेसेमिया मेजरमध्ये, ईपीओ कमालीचं वाढलेलं असतं, तरी रेटिक त्या मानाने कमी. कारण पिल्लं अस्थिमज्जेतच मरतात. पाऊस दडी मारतो आणि दुबार, तिबार पेरणी करूनही वावरात काही उभं राहत नाही, तशी ही स्थिती. बियाणं, म्हणजे ईपीओ, वाढवून काही साधत नाही. उलट त्या संदेशाखाली अस्थिमज्जा फुगत जाते, गालाची हाडं वर येतात, कपाळ पुढे येतं. त्यातच अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी एरिथ्रोफेरॉन नावाचं दुसरं हार्मोन सोडतात. ते लोहाला आळा घालणाऱ्या, यकृतातल्या हेप्सिडिनला दाबतं आणि आतडं अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त ओढू लागतं. म्हणूनच रक्त न चढवलेल्या थॅलेसेमिया रुग्णातही लोह साचतं. नियमित रक्त चढवून हिमोग्लोबिन ९ च्या वर ठेवण्यामागे ईपीओचा हा रेटा कमी करणं हाही हेतू आहे. लसपॅटरसेप्ट हे नवं औषध पिल्लांना शेवटच्या टप्प्यात मोठं व्हायला मदत करतं. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. खेड्यातल्या कुटुंबाच्या आवाक्यात ते अजून नाही.

ईपीओची सुई: डोस, साठवण आणि बिघाड

आता वणीकडचे ते शेतकरी. त्यांच्या किडन्याच निकामी, त्यामुळे संदेशच जात नाही. युजीन गोल्डवॉसर यांनी १९७७ मध्ये अप्लास्टिक अॅनिमियाच्या (अस्थिमज्जा पेशी बनवणंच सोडते तो आजार) रुग्णांच्या सुमारे २५५० लिटर लघवीतून शुद्ध ईपीओ वेगळं केलं. ती लघवी जपानमध्ये ताकाजी मियाके यांनी गोळा केली होती. पुढे जनुक हाती आलं आणि १९८९ पासून प्रयोगशाळेत बनवलेलं ईपीओ औषध म्हणून मिळू लागलं.

डायलिसिसच्या रुग्णात हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की सुरुवात करतात. त्याआधी लोह, बी-१२ आणि बीपी तपासायचं. डोस किलोमागे साधारण ५० युनिट, आठवड्यातून तीनदा. ५० किलोच्या माणसाला आठवड्याला ७५०० युनिट झाले, म्हणून ४००० युनिटची सिरिंज आठवड्यातून दोनदा हा बऱ्याच ठिकाणचा रिवाज आहे. पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली दिली तर औषध जास्त वेळ टिकतं. हिमोग्लोबिन १० ते ११.५ च्या दरम्यान ठेवायचं. १३ च्या वर नेण्याचा प्रयत्न झालेल्या मोठ्या अभ्यासांत लकवा आणि हृदयाचा त्रास वाढलेला दिसला. दोन आठवड्यांत १ ग्रॅमपेक्षा जास्त वाढ झाली तर डोस कमी करायचा. बीपी चढतं, म्हणून प्रत्येक सुईआधी मोजायचं, आणि डोकं ठणकत असेल तर आधी बीपी बघायचं.

सुया घेऊनही रक्त वाढत नसेल तर पहिला संशय लोहावर. डायलिसिसच्या रुग्णाला गोळीतलं लोह पुरत नाही, शिरेतून द्यावं लागतं. नंतर डायलिसिसच्या नळीतला जंतुसंसर्ग, अपुरं डायलिसिस, संडासातून रक्त जाणं हे पाहायचं. आणि विदर्भात एक तपासणी हमखास राहून जाते, एचपीएलसी. किडनीच्या रुग्णालाही सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असू शकतो, आणि मग ईपीओचा डोस वाढवत राहणं धोक्याचं ठरतं.

शेवटचा संशय सुईवरच. ईपीओ २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. गोठलं तर खराब, जोरात हलवलं तरी खराब. मे महिन्यात ४५ अंशांत मोटरसायकलच्या डिक्कीतून ३० किलोमीटर आणलेली सिरिंज दिसायला तशीच दिसते, म्हणून फसगत होते. थर्मासमध्ये बर्फ खाली, त्यावर फडक्याची घडी, आणि मग सिरिंज. बर्फाला थेट टेकवू नये. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवावी, दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला लागून नको. वीज दिवसदिवस जात असेल तर सुया घरी न आणता डायलिसिसच्या दिवशी तिथेच घेतलेल्या बऱ्या.

तोंडाने घ्यायचं औषधही आता आहे. डेसिड्युस्टॅट नावाची गोळी एचआयएफला मोडू देत नाही, म्हणजे ऑक्सिजन कमी आहे असं भासवून शरीराकडून ईपीओ बनवून घेते. भारतात किडनीच्या आजारातल्या अॅनिमियासाठी तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती सुईसारखी सतत थंडीत ठेवावी लागत नाही, हा खेड्यासाठी मोठा फायदा. सिकलसेलसाठी तिला मान्यता नाही.

ईपीओ मोजायचं केव्हा

रक्तातलं ईपीओ मोजण्याची तपासणी महाग आहे, नमुना बहुधा नागपूरला किंवा पुढे जातो, आणि सिकलसेल, लोहाची कमतरता किंवा डायलिसिस यांत तिने उपचार सहसा बदलत नाही. ती दोन ठिकाणी खरी कामाची. उतारवयात रक्त सतत कमी राहतं आणि अस्थिमज्जेच्या तपासणीत मायलोडिस्प्लासिया, म्हणजे अस्थिमज्जा सदोष पेशी बनवते तो आजार, निघतो, तेव्हा ईपीओ ५०० च्या खाली असेल तर सुयांचा उपयोग होण्याची आशा असते. २०० च्या खाली असेल तर जास्तच. ५०० च्या वर असेल तर सुयांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. दुसरं उलट टोक: हिमोग्लोबिन पुरुषात १६.५ किंवा बाईत १६ च्या वर. तिथे ईपीओ कमी असेल तर अस्थिमज्जा संदेशाशिवायच पेशी काढते आहे, आणि जेएके-२ या जनुकाची तपासणी करावी लागते. ईपीओ जास्त असेल तर बिडी, फुप्फुसाचा आजार किंवा किडनीतली गाठ शोधायची.

नमुना रक्त चढवण्याआधी द्यायचा. पिशवी चढली की ऑक्सिजन वाढतो, एचआयएफ मोडू लागतं आणि ईपीओ खाली येतं. मग जो आकडा येतो तो आजाराचा नसून चढवलेल्या रक्ताचा असतो.